प्रकल्प डांबऱ्या

६ नोव्हेंबर २००५, रविवार. सकाळी ६.३०

आजपासून रोजनिशी. शांत स्वभावाच्या माणसाने मनातलं कागदावर उतरवावं, नाहीतर बीपी वाढतं, असं कुठेतरी वाचलं. मी मुळातच शांत. काल टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला, तोही शांतपणेच फेकला.

झालं असं. क्षितिज (चिरंजीव, चौदा, नववीत) म्हणे नवी बॅट पाह्यजे, जुनीचा दांडा तुटला. काहून तुटला? तर मागच्या गल्लीतल्या पोराच्या पाठीत घातली म्हणून. केतकी (कन्या, अकरा, सहावीत) दिवाळीच्या चकल्या अर्ध्या खाते, अर्ध्या डब्यात परत ठेवते. घामाची किंमत नाही, पैशाची तर नाहीच नाही. जिल्हाभर कापसाने लोकांच्या तोंडचं पाणी पळवलंय, सकाळी पेपर उघडवत नाही, आणि माझ्या घरात उष्ट्या चकल्या! सणकच गेली डोक्यात.

ठराव केला. मुलांना कष्ट शिकवायचे, पैसा कसा येतो ते शिकवायचं. आणि हात अजिबात उचलायचा नाही. आमच्या वडिलांनी मला पट्ट्याने फोडून काढलं म्हणून मी घडलो, ते बरोबरच होतं, पण जमाना बदलला. मॉडर्न पालक समजावून सांगतो.

रिमोटला रबर लावलं. आता आवाज फक्त वाढतो, कमी होत नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार. ११.४० (ऑफिस)

आज टेबलवर तीन फायली. त्या उद्यावर टाकल्या, कारण मुलांच्या भवितव्याचा विचार करायला शांत वेळ इथेच मिळतो.

आयडिया सुचली! खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटताना सुचली. बोकड. आत्ता आणायचा, दोन महिने मुलांनी खाऊ-पिऊ घालायचं, शेण-घाण काढायची, आणि जानेवारीत बकरी ईदला विकायचा. भांडवल, श्रम, नफा, सगळं डोळ्यांसमोर. पुस्तकात नाही शिकता येत असं.

गिऱ्हाईकही तयार. आमच्या मागच्या भिंतीला लागून गुलाम नबी राहतो, एसटी स्टँडसमोर त्याचं गॅरेज आहे. त्याची फरहाना केतकीच्या वर्गात. चहाला त्याच्याकडे गेलतो. तो म्हणाला, शेखरभाऊ, बोकड चांगला तगडा द्या, मी तुमच्या स्कूटरचं इंजिन नवं बांधून देतो, पैशाची बातच नको. माझी स्कूटर दोन वर्षांपासून ढकलून चालू करावी लागते. लगेच हात मिळवला.

संध्याकाळी ७.००

पद्मजाला (पत्नी, शिलाई मशीनवर बसते, पाय आणि तोंड एकाच वेळी चालतात) सांगितलं. ती म्हणाली, ज्या घरात कधी अंडं शिजलं नाही त्या घरात तुम्ही कापायले बोकड पोसता का? मी समजावलं की आपण कापत नाही, आपण फक्त सप्लाय करतो. तिने खलबत्त्यात शेंगदाणे असे कुटले की शेजारचे विचारायला आले.

१३ नोव्हेंबर, रविवार. रात्री (अंग ठणकत आहे)

बोरी अरबला जाऊन बोकड आणला. तिकडच्या तांड्यावर देवसिंग म्हणून माणूस आहे, ऑफिसच्या शिपायाने नाव दिलं होतं. देवसिंगने शपथेवर सांगितलं की साहेब, एवढं गरीब जनावर पूर्ण तालुक्यात नाही, वर्षाचा पुरा झाला, दोन दात काढले, लेकराच्या हातचं खाते. मी गोंजारायला वाकलो तर त्याने माझ्या गुडघ्यावर असं डोकं हाणलं की मी बाभळीच्या फांदीवर बसलो. देवसिंग म्हणे खेळून राह्यला तो, तुमचा वास आवडला त्याले.

रंग डांबरासारखा काळा. शिंगं मागे वळलेली, जाड. माल एक नंबर आहे.

येताना जीपमध्ये याने ड्रायव्हरच्या सीटला मागून टकरा दिल्या. ड्रायव्हरने मला शिव्या दिल्या, मी त्याला दिल्या. मग याने एका म्हातारीच्या पिशवीतली मेथी खाल्ली, तर म्हातारीने चप्पल काढून मला चार ठेवून दिल्या. बोकडाला एकही नाही! बाई वयस्कर होती म्हणून सोडून दिली. यवतमाळला उतरवून दिलं आम्हा दोघांना. तिथून आमच्या कळंबपर्यंत टेम्पोच्या मागे आम्ही समोरासमोर उभे होतो, तो माझ्याकडे पाहत होता.

१४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.००

आज बालदिन. योग्य मुहूर्त.

ओसरीवर बोर्ड लावला. पहाटे साडेपाचला उठून लेंड्या उचलणे, पाला आणणे, पाणी ठेवणे. रोजचा भत्ता ठरवला. उशीर झाला की भत्ता कट. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम चार: प्रकल्पाच्या मालमत्तेचं जो नुकसान करील, त्याने ते भरून निघेपर्यंत फुकट काम करावं, घरात कोणालाही सूट नाही. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. केतकीने विचारलं, कोणालाही म्हणजे कोणालाही का? मी म्हटलं, बेटा, कायदा म्हणजे कायदा.

मी बोकडाला 'प्रकल्प' म्हणणार होतो. मुलांनी डांबऱ्या ठेवलं. ठीक आहे, प्रकल्प डांबऱ्या.

पहिल्याच दिवशी दोघंही साडेपाचला उठले म्हणे. मी स्वतः पाहिलं नाही, मी साडेसातला उठलो. देखरेख करणाऱ्याची झोप नीट व्हावी लागते.

क्षितिजने एक प्रश्न विचारला, तो नोंदवून ठेवतो. कष्ट आम्ही करणार आणि इंजिन तुमच्या स्कूटरचं होणार, असं कसं? मी त्याला कौटुंबिक मालमत्ता ही संकल्पना समजावली. तो ऐकून घेतो म्हणाला आणि जाता जाता कुंडीला लाथ मारून गेला. विचार करतो पोरगा, चांगलं लक्षण आहे.

२० नोव्हेंबर, रविवार. दुपारी

आठवड्याचा आढावा. डांबऱ्याने दूधवाल्याला पाडलं, मीटर रीडिंगवाल्याला पाडलं, माझ्या ऑफिसच्या पँटचा पाय खाल्ला. दूधवाल्याने रिकामी बरणी घेऊन अंगणभर त्याच्यामागे धाव घेतली, शेवटी दूधवालाच भिंतीवर चढला. क्षितिजने शाळेत एकाचा ओठ फोडला, कारण तो डांबऱ्याला काळ्या म्हणाला. मालाची बदनामी खपवून घेत नाही. मालकीची भावना तयार होतेय.

फक्त केतकीसमोर तो गप्प उभा राहतो. ती शिंगांच्या बुडाशी खाजवते आणि तो तिच्या मांडीवर डोकं टेकून डोळे मिटतो. हे मला पटत नाही. तिला बसवून समजावलं की धंद्यात जीव लावायचा नाही, अकरा जानेवारीला हा जाणार. ती म्हणाली, त्याले खूप दुखेल का? मी म्हटलं, भूगोलाचा अभ्यास कर. ती म्हणाली, बाबा, मी चकल्या पूर्ण खात जाईन, पण याले देऊ नका.

बघा! चकलीची किंमत कळली. प्रकल्प यशस्वी होत आहे.

२९ नोव्हेंबर, मंगळवार. १२.१५ (ऑफिस)

बडे बाबूंना अभिमानाने सांगितलं की माझा मुलगा कमवायला लागला. खोटं नाही.

जिनिंगच्या गेटपासून पार हायवेपर्यंत कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग लागली आहे. खरेदी केंद्रावर काटा आज बंद, उद्या बंद. आठ-आठ दिवस लोक बंडीखाली झोपतात. तिथे सांडलेला पाला, कडबा, सरकी भरपूर, म्हणून मुलं शाळा सुटली की डांबऱ्याला तिकडे चारायला नेतात. चाऱ्याचा खर्च शून्य. आणि क्षितिज रोज थैलीभर कापूस घेऊन येतो, तो किराणा दुकानात देऊन पैसे आणतो. कुठून आणतो विचारलं तर म्हणे मेहनतीचा आहे. गालावर ओरखडे, शर्टाची बटणं तुटलेली. मेहनत दिसतेच आहे.

बडे बाबू म्हणाले, त्यांचा मुलगा नुसता टीव्ही पाहतो. मी हळहळ व्यक्त केली.

४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६.४५

फसवणूक! माझ्या घरात!

मुलांची मेहनत पाहावी म्हणून बंड्यांच्या रांगेकडे गेलतो. पाहतो तर शंभरेक माणसांचा गोल, आत डांबऱ्या, आणि समोर एका धनगराचा मेंढा. टक्कर लावून राह्यले होते! क्षितिज बंडीच्या जुवावर उभा राहून डाव घेत होता. रोख कोणाजवळ नाही, म्हणून लोक मुठीमुठीने कापूस लावतात. मारेगावकडचा उकंडा नावाचा म्हातारा, नऊ दिवसांपासून रांगेत बसलेला, तो तर चाबूक फिरवून ओरडत होता, हाण रे डांबऱ्या, हाण त्या भाव पाडणाऱ्याले!

मी जागच्या जागी हा प्रकार बंद करणार होतो. पण आधी निरीक्षण आवश्यक, म्हणून एक डाव पाहिला. दुसरा तुलनेसाठी. तिसऱ्याला खर्र्याची पुडी लावली. डांबऱ्याने मागे सरकून जी धाव घेतली ना! हाडावर हाड, असा आवाज झाला की बैल उठून उभे राहिले. मेंढा दोन पावलं मागे, चार पावलं मागे, पळाला! उकंडाने मला मिठी मारली. मी बहुधा थोडा नाचलो.

त्यानंतर क्षितिजला बाजूला घेऊन जुगार कसा वाईट ते समजावलं. समजावताना माझा हात त्याच्या गालाला लागला. दोनदा लागला. लोक पाहत होते म्हणून जरा जोरात लागला.

उकंडा मध्ये पडला. म्हणे, साहेब, पोराले कायले मारता, त्याच्यापायी आमचे नऊ दिवस गेले, नाही तं आम्ही एकमेकाचेच डोके फोडले असते. अशिक्षित लोकांशी वाद घालत नाही मी.

जिंकलेल्या तीन पुड्या जप्त केल्या.

१२ डिसेंबर, सोमवार. १०.५० (ऑफिस)

गुलाम नबीने इंजिन बांधून स्कूटर आणून दिली. बोकड मिळण्याआधीच! मी म्हटलं एवढी घाई कशाला, तर म्हणाला, शेखरभाऊ, तुमच्यावर भरोसा हाय. एका किकमध्ये चालू होते. आज सगळ्या ऑफिसला चक्कर मारून दाखवली. आर्थिक शिस्तीचं फळ.

मुलं स्कूटरवर बसायला तयार नाहीत. केतकी म्हणते, मी डांबऱ्यावर बसणार नाही. मी म्हटलं, ही स्कूटर आहे. ती म्हणाली, मले माहीत हाय काय आहे ते.

१९ डिसेंबर, सोमवार. रात्री. पालथं पडून लिहितोय

आज खरेदी केंद्रावर दंगल झाली.

मी तिथे ऑफिसच्या वेळात का होतो, हा मुद्दा गौण आहे. क्षितिजने टक्कर बंद केली की नाही, याची खात्री करायला गेलतो. (बंद केली नव्हती. खिशात पुडी होती, ती योगायोगाने होती.)

काटा आज सुरू झाला. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर बंड्या पाहत उकंडाजवळ आला, कापसात हात घातला आणि म्हणाला ओला आहे, मागं घ्या. तीन हप्ते दवात बंडी उभी ठेवली तुम्हीच, मग ओला नाही होईल तं काय होईल? असं म्हणून उकंडाने मूठभर कापूस ग्रेडरच्या तोंडात कोंबला. मग काय! एकाने काट्याची वजनं फेकली, दुसऱ्याने ऑफिसची खिडकी फोडली, ग्रेडर कापूस थुंकत पळाला, आणि तो पळाला तो नेमका डांबऱ्यासमोरून. डांबऱ्याला पळणारं काहीही आवडत नाही. त्याने ग्रेडरला मागून असा उचलला की तो सरकीच्या ढिगात तोंडावर पडला. लोकांनी काय आरोळी ठोकली! डांबऱ्या की जय! उकंडाने स्वतःचा शेला त्याच्या गळ्यात बांधला.

तेवढ्यात पोलीस आले, काठ्या सुरू झाल्या. मी ओरडून सांगत होतो की मी शासकीय कर्मचारी आहे. पाठीवर बसल्या, कमरेवर बसल्या, खाली पण बसल्या. डांबऱ्याला एकही नाही. केतकी त्याला दाव्याने ओढत बंड्यांच्या खालून सरळ घरी घेऊन आली, क्षितिज मला.

पद्मजाने हळद लावली. लावताना ती हसत होती की रडत होती, पालथा असल्यामुळे दिसलं नाही.

२१ डिसेंबर, बुधवार. घरी (मेडिकल)

लोक घरी येतात. मला भेटायला नाही, डांबऱ्याला. पेंड आणतात, गूळ आणतात. माझ्या जवळून जातात आणि विचारतात, कुठं हाय तो आमचा पहिलवान?

पंधरा वर्षं सर्व्हिस झाली. माझ्या गळ्यात कोणी रुमालसुद्धा नाही बांधला.

घरात माझं कोणी ऐकत नाही. काल पाणी मागितलं तर क्षितिज म्हणाला, बोर्डावर डांबऱ्याच्या पाण्याची वेळ आहे, तुमची नाही. शिस्त फार सैल झाली. सुधारणा करावी लागेल. एकदाच करावी लागेल, पण नीट.

२५ डिसेंबर, रविवार.

आज विशेष काही नाही. हवा थंड.

२६ डिसेंबर, सोमवार. ११.३० (ऑफिस)

काल एक छोटी नोंद राहून गेली.

सकाळी मी अंगणात बादली उचलायला वाकलो होतो. पाठ आधीच ठणकत होती, काठ्यांचे वळ अजून निळे. डांबऱ्याने मागून नेमकी त्याच जागी टक्कर दिली. मी तोंडावर पडलो, दात ओठात घुसला. आणि पलीकडून कोणीतरी हसलं. मग जवळच कुऱ्हाडीचा दांडा पडला होता. तो हातात आला. दांडा डांबऱ्याला लागला. किती वेळा लागला ते मोजलं नाही. एक दांडा शिंगावर बसला आणि शिंग बुडापासून निघालं. रक्त फार आलं. जनावराचं रक्त एवढं काळं असतं, माहीत नव्हतं.

केतकी मध्ये आली. तिने मध्ये यायला नको होतं. दांडा मी तेव्हाच टाकला होता, हे महत्त्वाचं आहे, फक्त हात होता. हात लागला आणि कानातली बाळी ओढली गेली. कानाची पाळी थोडी फाटली. दवाखान्यात टाके घातले. डॉक्टरने विचारलं कसं झालं, तर मी काही बोलायच्या आत केतकीच म्हणाली, बोकडानं मारलं.

खोटं बोलायची सवय वाईट. पण वेळ नव्हती समजावायची.

क्षितिज कुऱ्हाडीचा दांडा घेऊन रात्रभर अंगणात बोकडाजवळ बसला होता. थंडी लागेल म्हणून मी चादर द्यायला दार उघडलं. तो उठून उभा राहिला, दांडा धरून. मी दार लावून घेतलं.

३० डिसेंबर, शुक्रवार. रात्री

घरात शांतता आहे. चांगलं वाटतं. जेवताना ताटांचा आवाज फक्त.

अडचण एकच. केतकीला फरहानाने सांगितलं म्हणे की बुडापासून शिंग मोडलेलं जनावर कुर्बानीला चालत नाही. हे केतकीने मला येऊन सांगितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली, आणि सांगताना तिचा चेहरा असा उजळला की बस. डांबऱ्या आता राहणार ना आपल्याकडेच? मी म्हटलं, पाहू.

पाहू काय, इंजिन बसलं आहे स्कूटरमध्ये! दिलेला शब्द पाळला पाहिजे. मुलांना व्यवहारातला शब्द म्हणजे काय ते शिकवायची हीच वेळ.

शिंग जपून ठेवलं आहे.

५ जानेवारी २००६, गुरुवार. रात्री ९.००

सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन आणलं. बूटपॉलिश काळी. जखम भरली आहे, वरून शिंग बसवलं, सोल्युशन लावलं, सांध्यावर पॉलिश फिरवली. डांबऱ्याने या वेळी टक्कर दिली नाही. मी हात नेला की तो चारही पाय आखडून, डोकं खाली घालून नुसता उभा राहतो, अंग थरथरतं त्याचं. स्वभाव सुधारला. शिस्तीचा परिणाम.

दोन हात लांबून पाहिलं तर ओळखू येत नाही. मुलांना सांगितलं की धंद्यात काही गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात. क्षितिजने विचारलं, ही मेहनत आहे की जुगार? पद्मजाने मशीन एवढं जोरात चालवलं की सुई तुटली.

८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.३०

गुलाम नबी आला. ओसरीवर बसला, चहा घेतला, पाठ कशी आहे म्हणून विचारलं. मी दुरूनच बोकड दाखवला, म्हटलं आज जरा सुस्त आहे, जवळ जाऊ नका, मारतो.

तो उठला, सरळ डांबऱ्याजवळ गेला आणि शिंगावर हात ठेवला. शिंग त्याच्या हातात आलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो. दोघांचं भांडण झालं असतं, चार लोक जमले असते, मिटलं असतं. तो ते शिंग घेऊन उभा राहिला, त्याला पॉलिश लागली होती ती बोटाने पुसली. म्हणाला, शेखरभाऊ, फरहानानं मले सांगतलं होतं, माझा बसला नाही भरोसा. म्हटलं माझा शेजारी असं नाही करणार, माझी कुर्बानी वाया नाही जाऊ देणार.

मी म्हटलं, अपघात झाला, जोडून घेतलं. तेव्हा केतकी बोकडाच्या बाजूला येऊन उभी राहिली. कानाला पट्टी. गुलाम नबीने बोकडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, बोकडाले सोल्युशन लावलं, पोरीले काय लावलं?

मला वाटतं प्रश्न तितका महत्त्वाचा नव्हता.

जाताना स्कूटर ढकलत घेऊन गेला. चावी मी स्वतः दिली, याची नोंद व्हावी.

९ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

स्कूटर अंगणात परत आली आहे. इंजिन नाही. बाकी सगळं आहे, आरसेसुद्धा पुसून दिले.

बोर्डावर पद्मजाने खडूने काहीतरी लिहिलं आहे. नियम चार, नुकसान करणारा: चंद्रशेखर. खाली तिघांच्या सह्या. मी कायद्यातल्या त्रुटी दाखवायला लागलो, तर तिने शिवणकामाची मोठी कात्री टेबलावर अशी आपटली की मी सही केली. खर्रा बंद. पहाटे साडेपाचला लेंड्या, मग पाला, मग पाणी.

मुकादम क्षितिज. तो म्हणाला, घाबरू नका बाबा, मी हात उचलणार नाही, समजावून सांगत जाईन.

११ जानेवारी, बुधवार. दुपारी

ईद. गुलाम नबीने मारेगावहून दुसरा बोकड आणला. त्याच्या बायकोने, सईदावहिनींनी, फरहानाकरवी शीरखुर्म्याचा डबा पाठवला, क्षितिज, केतकी आणि त्यांच्या आईसाठी, असं फरहानाने दारातच स्पष्ट सांगितलं. मी पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन बाजूलाच उभा होतो.

डांबऱ्या माझ्या हातचं खात नाही. पाला ठेवून मी आत गेलो की मग खातो. मी खिडकीतून पाहिलं.

तसा प्रकल्प फसला असं म्हणता येणार नाही. मुलं रोज साडेपाचला आपणहून उठतात. मी नीट काम करतो की नाही ते पाहायला उठतात, पण उठतात.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत. संध्याकाळी ६.००

आज ठरवलं होतं की झालं गेलं विसरायचं. सणाचा दिवस. अंघोळ करून नवा सदरा घातला, पद्मजाने वड्या केल्या होत्या, वाटी हातात घेऊन मुलांना हाक मारली. क्षितिजने तिळगूळ घेतला, पाया पडला, मोठ्या माणसासारखा बाजूला जाऊन उभा राहिला.

केतकी आली. कानाचे टाके निघाले आहेत, पाळीवर रेघ राहिली. बाळी घालत नाही. तिला वडी दिली, गोड बोल म्हटलं. ती हो म्हणाली. वाकून पाया पडली. मी आशीर्वाद द्यायला हात वर केला.

ती वाकलेलीच होती, तशीच झटकन बाजूला झाली आणि दोन्ही हात कानांवर ठेवून भिंतीला टेकली. वडी खाली पडली. अंगणात डांबऱ्याने दाव्याला हिसका दिला आणि तोही खुंट्याच्या मागे सरकला.

तिच्या मानेत उसण भरली असेल. थंडीत भरते. पण मग डांबऱ्याच्याही भरली का?

हात तसाच वर राहिला होता. सगळे पाहत होते. मी म्हटलं, अरे, वर कोपऱ्यात जाळं लागलंय, ते काढत होतो. मग स्टूल आणलं, चढलो, फडक्याने कोपरा पुसला, बराच वेळ पुसला. केतकीने खालची वडी उचलली, फुंकर मारली आणि डांबऱ्याला नेऊन दिली.

जाळं नव्हतं.